मुंबईच्या हवेत ट्रेटिनॉइनचं एक वर्ष

गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर वय आधी रंगात दिसतं, सुरकुत्यांत नंतर. गालाच्या हाडांवर वांग चढतो, ओठांभोवती काळवंडतं, कानशिलं गडद होतात, डोळ्यांखाली आणि गालांवर बारीक काळे उंचवटे उगवतात. कपाळावरच्या आठ्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या चुण्या बहुतेकांना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी येतात. कारण एकच, कातडीला रंग देणारं मेलॅनिन. ते उन्हाला अडवतं म्हणून सुरकुत्या लांबतात. पण ते बनवणाऱ्या पेशी चिडक्या असतात. भाजलं, खरचटलं, चुरचुरलं, जोरात घासलं, सगळ्याला त्यांचं उत्तर एकच: आणखी रंग. गोऱ्या कातडीवर तीव्र उपचाराने लाली येते आणि जाते. आपल्याकडे त्या लालीच्या जागी डाग बसतो आणि उतरायला महिने घेतो. म्हणून इथे औषध कोणतं यापेक्षा ते किती सावकाश चढवलं याला जास्त महत्त्व आहे. मी ट्रेटिनॉइन या सुरकुत्या आणि डागांवरच्या रात्रीच्या क्रीमचा सगळा क्रम मुंबईत राहून, पश्चिम रेल्वेच्या रोजच्या प्रवासासकट केला. त्यात काय कधी करायचं, कुठे बिघडतं आणि का, ते लिहिते आहे.

सुरुवात स्किनच्या डॉक्टरांपासून. केईएम, सायन, नायर, जे.जे. या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी केसपेपर काढून रांगेत बसायची तयारी असेल तर तिथलं निदान महागड्या क्लिनिकइतकंच पक्कं असतं, आणि तिथे तुम्हाला कोणी पॅकेज विकत नाही. खासगीत जायचं तर पाटीवर त्वचारोगातली एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल यांपैकी पदवी आहे का ते बघा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुढे विचारा.

पहिल्या भेटीला जाताना चेहऱ्याला लावता ते सगळं एका पिशवीत घालून न्या: क्रीम, फेसवॉश, पावडर, केसांच्या डायचं पाकीटसुद्धा. डायमधल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी आपल्याकडे नेहमी खाज आणि पुरळ होऊनच दिसते असं नाही. अनेकदा कपाळाच्या कडेला, कानशिलांवर आणि कानांपुढे नुसता राखाडी-तपकिरी काळेपणा येतो. लोक तो वयाचा समजतात आणि त्यावर क्रीम चोळत राहतात, दर महिन्याला डाय मात्र चालूच. कानशिलं आणि मानेची मागची बाजू दोन्ही मखमलीसारखी जाड-काळी झाली असतील तर डॉक्टर साखरेच्या तपासण्या सांगतात, कारण तो इन्सुलिन नीट काम करत नसल्याचा खुणेचा डाग आहे. तो क्रीमने जात नाही, वजन आणि साखर खाली आली की फिका पडतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बहुधा बघतात. खोलीतले दिवे बंद करून निळसर-जांभळ्या वूड्स लॅम्पखाली चेहरा तपासला जातो. वांग वरच्या थरातला असेल तर तो त्या उजेडात उठून दिसतो, खोलवरचा असेल तर फारसा फरक पडत नाही. खोलवरचा वांग पूर्ण जात नाही, हे त्याच दिवशी कळलेलं बरं.

पिशवीत डॉक्टर सगळ्यात आधी शोधतात ती मेडिकलमधून आणलेली ‘मिक्स क्रीम’. रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड अशी तीन औषधं एका ट्यूबमध्ये. १९७५ साली अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी वांगासाठी जो त्रिकूट-फॉर्म्युला मांडला, त्याचीच ही वंशावळ. मूळ हेतू थोडे आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली. आपल्याकडे मात्र शेजारणीने सांगितली म्हणून ती वर्षानुवर्षं लावली जाते. तीन-चार आठवड्यांत चेहरा खरोखर उजळतो आणि तिथेच माणूस अडकतं. पुढे कातडी पातळ होते, गालावर लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं, मुरुमं येतात, लव वाढते. बंद केली की दोन-चार दिवसांत चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून परत तीच लावली जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती मिळतात. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव असेल तर तुमचा पहिला टप्पा तरुण दिसण्याचा नाही, त्यातून बाहेर पडण्याचा आहे. ते डॉक्टरच हळूहळू सोडवतात. त्यावर लगेच ट्रेटिनॉइन चढवलं तर चेहरा सोलवटतो.

आता ऊन. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो: मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. यातला जुलैचा दिवस सहसा ढगात जातो, पण मेमध्ये दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर सहज असतो. शिवाय आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशावर लावलेलं असल्यामुळे मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साधारण १२:३५ ला. म्हणून ‘अकरा ते तीन’ टाळण्याऐवजी इथे साडेअकरा ते साडेतीन टाळणं जास्त खरं. शिवाजी पार्कला किंवा वरळी सी-फेसला सकाळी साडेसहाला चालायला जाणाऱ्यांना सनस्क्रीनची घाई नाही. नऊ वाजता परतणाऱ्यांना आहे.

आपल्यापर्यंत पोचणारे अतिनील किरण दोन प्रकारचे. यूव्हीबी भाजतात. ते काचेतून फारसे येत नाहीत. यूव्हीए कातडीत खोल जाऊन तिला घट्ट ठेवणारं कोलॅजन तोडतात आणि साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात, ढगातूनही. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली तेव्हापासून काचेच्या खिडकीशी बसून ‘ऊन लागत नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढली आहे. चटका लागत नाही एवढंच खरं. मोटारीतही पुढची काच दोन थरांची असल्याने यूव्हीए पुष्कळ अडवते, बाजूच्या काचा तेवढं अडवत नाहीत. त्यावरच्या काळ्या फिल्मला २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. टॅक्सीवाल्यांच्या एका बाजूच्या गालावर आणि हातावर जास्त काळवंडलेलं दिसतं ते बाजूच्या खिडकीतल्या उन्हामुळेच. बोरिवली-विरारकडून चर्चगेटला जाणाऱ्यांसाठी एक फुकटचा उपाय: सकाळी गाडी दक्षिणेला जाते तेव्हा पूर्वेचं ऊन डाव्या खिडकीवर असतं, संध्याकाळी उत्तरेला परतताना पश्चिमेचं ऊन पुन्हा डावीकडेच. दोन्ही वेळेला गाडीच्या दिशेने तोंड केल्यावर उजवी बाजू सावलीची. बसायला मिळालं तर.

सनस्क्रीनचं गणित ट्यूबवर लिहिलेलं नसतं. एसपीएफचा आकडा मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. चेहरा, कान आणि मान मिळून याचा हिशेब साधारण सव्वा ग्रॅम येतो, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत काढलेल्या दोन पट्ट्या. बहुतेक लोक याच्या निम्म्याहून कमी लावतात, आणि मग एसपीएफ ५० चं संरक्षण ५० चं राहत नाही, फार खाली येतं. तपासायचं असेल तर ट्यूब किती दिवस पुरते ते बघा. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा नीट लावली तर तीन आठवड्यांत संपते. चार महिने पुरत असेल तर ती क्रीम तुमच्या कपाटाचं रक्षण करते आहे. एसपीएफ ३० जवळपास ९७ टक्के यूव्हीबी अडवतो आणि ५० साधारण ९८. तेव्हा आकड्यापेक्षा मात्रा मोठी. यूव्हीएसाठी पीए समोर तीन किंवा चार अधिक चिन्हं बघा. वांग असेल तर आणखी एक अट आहे. आपल्या कातडीत साधा दिसणारा प्रकाशही, विशेषतः त्यातला निळा भाग, रंग वाढवतो आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेली, कातडीच्या रंगाची सनस्क्रीन लागते.

आता घाम. एप्रिल-मेमध्ये दादरच्या पुलावर चढेपर्यंत निम्मी क्रीम गळ्यापर्यंत आलेली असते. जेलसारखी, पाण्याला टिकणारी सनस्क्रीन घ्या, निघण्याच्या वीसेक मिनिटं आधी लावा आणि ती बसेपर्यंत पंख्याखाली थांबा. लगेच कुर्ता डोक्यावरून ओढला की अर्धी त्यावर जाते. घाम रुमालाने पुसायचा नाही, टिपायचा. ऑफिसला पोचल्यावर दुसरा थर: टिपलं, पुन्हा दोन पट्ट्या. दुपारी बाहेर पडायचं असेल तर दोन तासांनी परत. नुसत्या सनस्क्रीन पावडरवर विसंबू नका, तिचा पुरेसा थर बसतच नाही. डोळ्यांत उतरून चुरचुरत असेल तर भुवयांच्या वर आणि डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडची काडी वापरा. ती वाहत नाही.

सनस्क्रीनची सवय महिनाभर टिकल्यावरच ट्रेटिनॉइन. हा क्रम उलटा केला की वांग वाढतो, आणि दोष औषधाच्या माथी जातो.

ट्रेटिनॉइन म्हणजे अ जीवनसत्त्वाचं आम्लरूप. मुरुमांवरचं औषध म्हणून ते आधीपासून होतं. वयस्क रुग्ण कातडी मऊ झाल्याचं सांगू लागले आणि पेनसिल्व्हेनियात क्लिगमन यांनी त्याचा माग काढून १९८६ मध्ये उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या कातडीवरचा परिणाम प्रसिद्ध केला. (याच माणसाने होम्सबर्गच्या तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, तेही त्याच्या नावाला कायमचं चिकटलेलं आहे.) औषध तीन कामं करतं. ऊन लागल्यावर कोलॅजन कापणारी जी विकरं जागी होतात त्यांना दाबतं, नवं कोलॅजन बनायला लावतं, आणि वरच्या थराची उलाढाल वाढवून साठलेला रंग पांगवतं. बाजारातल्या रेटिनॉलला कातडीत दोन पायऱ्या बदलून हेच आम्ल व्हावं लागतं, म्हणून ते कितीतरी सौम्य. ज्यांना ट्रेटिनॉइन अजिबात सोसत नाही त्यांना रेटिनॉल किंवा ०.१ टक्के ॲडॅपलीन देतात. ट्रेटिनॉइन चिठ्ठीवरच मिळतं. गरोदर असताना किंवा दिवस जाण्याचा विचार असताना लावायचं नाही. त्या काळात वांगासाठी ॲझेलाइक ॲसिड हा सुरक्षित पर्याय आहे.

सुरुवात ०.०२५ टक्के क्रीमने. जेल जास्त कोरडं पाडतं, ते तेलकट चेहऱ्यांसाठी. पद्धत अशी: रात्री सौम्य फेसवॉशने तोंड धुऊन पंचाने टिपायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. ओल्या कातडीत औषध जास्त शिरतं आणि जास्त जळतं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्यांवर व्हॅसलीनचं बोट फिरवायचं, कारण औषध सरकून तिथे साठतं आणि पहिली चीर तिथेच पडते. मग साधं मॉइश्चरायझर. त्यावर वाटाण्याएवढं ट्रेटिनॉइन: कपाळ, दोन गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरवायचं. अख्ख्या चेहऱ्याला एकच वाटाणा. डागावर जास्त थापल्याने डाग लवकर जात नाही, भोवती नवा डाग येतो. वरून पुन्हा मॉइश्चरायझरचा हात. मानेला उरलंसुरलं, तेही महिन्याभरानंतर, कारण मानेची कातडी फार लवकर चिडते. ट्यूबचं झाकण लगेच लावा. हे औषध उजेडात निकामी होतं, म्हणून ते रात्रीचं आणि म्हणूनच ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये. जुन्या धाटणीच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर एकाच वेळी लावलं तरीही निकामी होतं.

पहिला महिना दर तिसऱ्या रात्री. सोसलं तर एक दिवसाआड. दोन-तीन महिन्यांनी जमल्यास रोज. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सालपटं निघतात, ओठांभोवती ताणल्यासारखं वाटतं, दबलेली मुरुमं वर येतात. ही अपेक्षित गोष्ट आहे. चेहरा साध्या पाण्यानेही झोंबत असेल, लाली सकाळपर्यंत टिकत असेल, सूज असेल, तर ती अपेक्षित नाही. थांबायचं, चार-पाच दिवस फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, मग पुन्हा तिसऱ्या रात्रीपासून. इथे बहुतेक लोक दोनपैकी एक करतात. एक तर ट्यूब फेकतात, नाही तर सालपटं स्क्रबने घासून काढतात. घासणं जास्त वाईट. पंचाने, लूफाने, चण्याच्या जाड पिठाने घासून गालाच्या हाडांवर आणि कपाळावर काळपट पट्टे आलेले चेहरे आपल्याकडे घरोघरी आहेत. ट्रेटिनॉइनवर असताना लिंबू, टोमॅटो, टूथपेस्ट, व्हिटॅमिन सीचं तीव्र सीरम, काही नको. पुरुषांनी दाढी सकाळी करावी, रात्री औषधाआधी नाही, आणि अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह बंद.

पार्लर हा मुंबईतल्या बायकांच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका. ट्रेटिनॉइनने वरचा थर पातळ आणि सैल झालेला असतो. त्यावर वरच्या ओठाचं वॅक्स केलं की मेणाबरोबर कातडीच निघते आणि मिशीच्या जागी तपकिरी पट्टी उरते. वॅक्सच्या आधी किमान आठवडाभर औषध बंद, किंवा वॅक्स सोडून दोरा. दोऱ्याच्या आदल्या आणि त्या रात्रीही औषध लावू नका. ब्लीच आणि फेशियल या काळात टाळाच. ‘डी-टॅन’ नावाखाली बहुतेकदा ब्लीचच येतं.

कधी सुरू करायचं? माझ्या मते जुलैत. हवेत दमट ओलावा भरपूर असतो, त्यामुळे कोरडेपणा कमी जाणवतो, ढगांमुळे ऊनही काहीसं कमी, आणि लग्नसराई लांब असते. ऑक्टोबरचं ऊन येईपर्यंत कातडी औषधाला सरावलेली असते. डिसेंबर-जानेवारीत जमिनीकडून कोरडे वारे येतात तेव्हा सालपटं पुन्हा निघतात. तेव्हा मात्रा कमी करायची नाही, मॉइश्चरायझर जेलऐवजी जाडसर घ्यायचं. दिवसभर एसीत बसणाऱ्यांना हे बाराही महिने लागू. पाण्याचाही वाटा असतो. महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ आहे, पण टँकर किंवा बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत साबणाचा थर कातडीवर राहतो आणि औषध जास्त चुरचुरतं. तिथे साबण नको, फेसवॉश कमी फेसाचा घ्या.

अपेक्षा कशी ठेवायची तेही. तीन महिन्यांत पोत सुधारतो आणि रंग थोडा एकसारखा होतो. बारीक सुरकुत्यांवरचा फरक सहा महिने ते वर्षाने. खोल रेघा, लोंबलेली कातडी, डोळ्यांखालचे खड्डे यांना क्रीमने काहीही होत नाही. फोटो काढायचे तर दर महिन्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फिल्टर बंद करून. आरशाला रोज विचारून उत्तर मिळत नाही.

वांगासाठी वेगळं हायड्रोक्विनोन दिलं असेल तर २ ते ४ टक्के, ठरलेले महिनेच. ते वर्षानुवर्षं लावल्यास ऑक्रोनोसिस होतो, म्हणजे निळा-काळा, खडबडीत, जवळपास न जाणारा डाग. ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या बऱ्याच जणींना उपयोगी पडतात, पण रक्ताची गुठळी होण्याचा स्वतःचा किंवा घरातला इतिहास, गर्भनिरोधक गोळ्या, धूम्रपान, हे सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर तर नाहीच.

आता ते बारीक काळे उंचवटे. लोक त्यांना तीळ म्हणतात, पण ते तीळ नसतात. डॉक्टर डीपीएन म्हणतात. घराण्यात असतात, वयाबरोबर वाढतात, निरुपद्रवी असतात. माझं मत स्पष्ट आहे: पन्नाशीच्या आसपासच्या सावळ्या चेहऱ्यावरून वय उतरवणारा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हे काढून टाकणं, स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन त्याच्या मागे राहतं. भूल देणारी लिडोकेन-प्रिलोकेनची क्रीम जाड लावून वर प्लॅस्टिक, पाऊण ते एक तास थांबायचं. मग रेडिओफ्रिक्वेन्सीच्या बारीक सुईने एकेक हलकं जाळतात. काम फार तर अर्ध्या तासाचं. डॉक्टर चांगला असेल तर पृष्ठभागच फक्त करपवतो. खोल गेला तर खड्डा किंवा पांढरा ठिपका राहतो. काळी खपली पाच ते सात दिवसांत आपोआप पडते. नखाने काढली तर डाग नक्की. खपली पडल्यावर गुलाबी जागेवर सनस्क्रीन चुकवायची नाही. पहिल्या वेळी कानाजवळचे थोडेच काढून घ्या, महिनाभर कातडी काय करते ते बघा, मग उरलेले.

पील, म्हणजे आम्ल लावून कातडीचा वरचा थर सोलणं, हे ट्रेटिनॉइन सोसल्यानंतरच, आणि एप्रिल-मे सोडून. ग्लायकॉलिक ॲसिड ३५ टक्क्यांपासून सुरू करून दर दोन-तीन आठवड्यांनी वाढवतात. आठवडाभर आधी ट्रेटिनॉइन बंद, वॅक्स-दाढी-स्क्रब बंद. ओठांवर ताप फुटण्याची सवय असेल तर आधी सांगायचं, डॉक्टर ॲसायक्लोव्हिर सुरू करतात. डोळ्यांचे, नाकाचे, ओठांचे कोपरे व्हॅसलीनने झाकून ब्रशने द्रावण कपाळापासून सुरू करतात, समोर पंखा, हातात घड्याळ. एक ते तीन मिनिटं. हलकी लाली आली की सोड्याच्या पाण्याने आम्ल मारतात. ग्लायकॉलिकमध्ये कातडी कुठे पांढरी पडली तर खोल गेलं, त्या क्षणी ते ठिकाण निष्प्रभ करायचं. सॅलिसिलिक ॲसिडच्या पीलमध्ये मात्र पांढरी पूड दिसते ती वाळलेल्या औषधाची, तिला घाबरायचं कारण नाही. पील चालू असताना झोंबलं की बोलायचं, सोसत बसायचं नाही. नुसतं ‘थोडं होणारच’ म्हणून पंखा फिरवत राहणाऱ्या मदतनीसाकडून पील करून घेऊ नका. नंतर चार-पाच दिवस सालपटं, तेव्हा फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. मुलीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात पहिलं पील ही कल्पनाच चुकीची.

बोटॉक्स हालचालीने पडणाऱ्या रेघांसाठी: दोन भुवयांमधल्या उभ्या, कपाळावरच्या आडव्या, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या. व्हँकुव्हरच्या जीन आणि ॲलिस्टर कॅरुथर्स या दांपत्याने १९९२ मध्ये भुवयांमधल्या रेघांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, २००२ मध्ये अमेरिकेत त्याला या कामासाठी परवानगी मिळाली. ठरलेली मात्रा भुवयांमध्ये पाच ठिकाणी मिळून २० युनिट, डोळ्यांच्या कोपऱ्यात दर बाजूला १२. शंभर युनिटची बाटली २.५ मिलिलिटर सलाइनमध्ये विरघळवली तर ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. बाटली फ्रीजमधली हवी, तुमच्यासमोर उघडलेली, आणि किती युनिट टोचले ते कागदावर लिहून घ्या. मुंबईत दर युनिटमागे काही शे रुपये असतो, आणि संशयास्पद स्वस्त ‘ऑफर’मध्ये बहुधा पातळ केलेलं औषध असतं. दुसऱ्या ब्रँडचे युनिट याच्याशी एकास एक जुळत नाहीत, म्हणून ब्रँडचं नावही लिहून घ्या. टोचल्यावर चार तास आडवं पडायचं नाही, चोळायचं नाही, त्या दिवशी जिम नाही. परिणाम तीन-चार दिवसांत सुरू, दोन आठवड्यांत पूर्ण, तीन-चार महिन्यांत ओसरतो. औषध खाली सरकलं तर पापणी झुकते. काही आठवड्यांत आपोआप सुधारतं, तोवर डॉक्टर थेंब देतात. फक्त कपाळात भरपूर टोचून भुवयांकडे दुर्लक्ष केलं तर भुवया खाली येतात आणि माणूस थकलेला दिसतो. गरोदरपणात, दूध पाजताना आणि मायस्थेनियासारख्या स्नायूंच्या आजारात घ्यायचं नाही.

फिलरबद्दल थोडक्यात. गाल बसले असतील तर हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे कातडीखाली टोचून भरायचं जेल, काम करतं, पण सुई रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. एकच प्रश्न विचारा: फिलर विरघळवणारं हायलुरॉनिडेज तुमच्या फ्रीजमध्ये आत्ता आहे का? उत्तर देताना चाचरले तर उठून या. टोचताना किंवा नंतर कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर झाली, दुखणं वाढतंय, तर घरी जायचं नाही, तासांचा प्रश्न असतो. गाल बसण्याचं कारण पडलेल्या दाढा किंवा तंबाखूने आखडलेलं तोंड असेल तर आधी दंतवैद्य. गोरेपणासाठी शिरेतून ग्लुटाथायोन घेण्याबद्दल विचारलंत तर माझं उत्तर नाही असं आहे.

वर्षानंतर ट्रेटिनॉइन बंद केलं तर कमावलेलं हळूहळू ओसरतं. आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवलं तरी बरंचसं टिकतं. मेमध्ये जास्त चिडचिड झाली तर पंधरवडाभर थांबून जूनच्या पहिल्या सरीनंतर पुन्हा तिसऱ्या रात्रीपासून सुरू करायचं. ट्यूबवरची मुदत संपली असेल किंवा क्रीम पिवळसर झाली असेल तर नवी आणा. जुन्या चिठ्ठीवर केमिस्टने ०.०२५ ऐवजी ०.०५ दिलं नाही ना, ते दुकानातच वाचून घ्या.